तात्यांसाठी आणलेला बर्फ

आता काय सांगू तुम्हाला! आयुष्यात माती मी पुष्कळदा खाल्ली, पण मयताच्या घरात जाऊन खाल्ली ती एकदाच. हसायचं असेल तर खुशाल हसा, मी अडवणार नाही. मला स्वतःला मात्र ते अजून नीट जमलेलं नाही. चहा घ्या आधी, गार होतोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास, अंधेरीला एका केमिकल फॅक्टरीत नोकरीला. राहायला कांदिवलीला, चाळीत, पहिल्या मजल्यावर. गिरण्यांचा संप होऊन गेला होता. होऊन गेला होता म्हणजे काय, संपला असं कोणी कधी सांगितलंच नाही, आणि गिरणीत परत बोलावलंही नाही. आमच्या चाळीत त्यामुळे दिवसाढवळ्या गॅलरीत बसलेले पुरुष फार. सगळे कोकणातले, सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. कामावर जाताना त्यांच्यासमोरून जायची मला लाज वाटायची.

आमच्या फॅक्टरीत एच ॲसिड व्हायचं. ॲसिड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बाटली येते, धूर येतो. तसं काही नाही हो! हे राखाडी पीठ असतं. डांबरगोळी माहीत आहे ना, कपाटात ठेवतो ती? तोच माल. तो सल्फ्युरिकमध्ये तापवायचा, मग नायट्रिक, मग लोखंडाचा कीस, मग कॉस्टिकबरोबर बंद भांड्यात दाबाखाली शिजवायचा. एवढे हाल करून शेवटी निघतं काय, तर चुलीतल्या राखेसारखं पीठ. ते गोण्यांत भरून रंगवाल्यांकडे जातं. तिकडे त्यात दुसरा एक माल मिसळला की मग काळा, निळा, लाल असे रंग तयार होतात. म्हणजे आम्ही रंग बनवत नव्हतो. आम्ही रंगाच्या आधीचं बनवत होतो.

हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा म्हटलंय! मुलगी बघायला गेलो तरी म्हणायचो. त्यामुळेच बहुतेक तिथून उत्तर यायचं नाही.

शेजारच्या खोलीत तात्या. मूळचे कणकवलीकडचे. उभा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेलेला. संपानंतर घरीच बसून परकर, ब्लाउजपीस, देवळाच्या पताका रंगवून द्यायचे. खाटेखाली त्यांचा सगळा कारखाना. कागदी पुडक्यांत एक पिवळट भुकटी असायची, तिला ते सॉल्ट म्हणत. कापड आधी एका पाण्यात बुडवायचं, त्याचा काही रंग नाही. मग सॉल्टच्या पाण्यात बुडवायचं. दोन्ही पाणी एकमेकांना भेटली की डोळ्यांदेखत लालभडक! आणि मग तो रंग जाईल तर शपथ.

संध्याकाळी मी जिना चढलो की ठरलेला संवाद.

"काय रे झिला, आज काय केलंस फॅक्टरीत?"

"ॲसिड केलं, तात्या."

"रंग नाय?"

"रंग नाही. रंगाच्या आधीचं."

"म्हणजे अर्धो रंग. मगे उरलेलो अर्धो कोण करता?"

एकदा मी शहाणपणा करून त्यांना सांगितलं, की तात्या, उरलेला अर्धा तुमच्या खाटेखालीच आहे. तुमचं सॉल्ट आमच्या ॲसिडलाही चालेल. शेड वेगळी येईल, लालपेक्षा जांभळाकडे झुकणारी.

झालं! म्हातारा त्या दिवसापासून मागे लागला.

"माका चिमूटभर आणून दी रे. रंग कसो येता ता बघूया."

आणि मी काय म्हणावं? "तात्या, फॅक्टरीचा माल बाहेर काढता येत नाही. नियम आहेत."

खोटं! साफ खोटं. गेटवरचा वॉचमन आमचे डबेसुद्धा उघडत नव्हता. चिमूटभर पीठ कागदात बांधून आणायला असं काय लागलं असतं? पण मला कंटाळा होता. शिवाय खरं सांगतो, अख्ख्या चाळीत माझ्याकडे काहीतरी मागणारा तो एकच माणूस होता, आणि नाही म्हणताना मला साहेब झाल्यासारखं वाटायचं. तात्या मान हलवायचे, "बरां, नियम तर नियम," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे.

मे महिन्यात एका दुपारी तात्या जेवून गॅलरीत खुर्चीवर टेकले ते उठलेच नाहीत. डॉक्टरने येऊन हार्टचं लिहून दिलं. मी सुट्टीमुळे घरीच होतो. त्यांचा एक हात खुर्चीखाली लोंबत होता, नखांत लाल रंग बसलेला. तो हात मी उचलून मांडीवर ठेवला. आत काहीतरी तुटलं हो तेव्हा.

त्यांना एकच मुलगी, सुमन. कणकवलीला दिलेली. तिच्या शेजारच्या दुकानात ट्रंक कॉल लावला. निरोप मिळाला, ती संध्याकाळच्या एसटीत बसेल, उद्या सकाळी पोचेल. चाळीतली जाणती माणसं म्हणाली, उन्हाळा आहे, एवढा वेळ कसं ठेवणार? आजच उरकू.

काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, तोपर्यंत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, "पोरीन बापाचा तोंड घरात बघूक होया. माझा आणि काय मागणा नाय. मगे खय न्हेवचा थय न्हेवा."

ठेवायचं ठरलं. म्हणजे बर्फ लागणार. आणि बर्फवाल्याकडे लग्नसराईमुळे सोडावॉटरपुरता चुरा उरलेला.

तेव्हा भर गॅलरीत छाती पुढे काढून कोण उभं राहिलं?

"बर्फाची चिंता सोडा. मी आणतो. आमच्या फॅक्टरीत लाद्याच्या लाद्या पडल्यात!"

खोटं नव्हतं ते. नायट्रिकच्या वेळी भांडं तापलं की आम्हाला बर्फ लागायचा, लाद्यांचा ढीग शेडमध्ये कायम असायचा. टेम्पो करून अंधेरीला गेलो. सुपरवायझर म्हणाला, "मयतासाठी ना? अरे घेऊन जा, विचारतोस काय!" बघा! मागितलं की मिळत होतं.

पण मेच्या उन्हात उघडा बर्फ कांदिवलीला नेला असता तर पाणीच पोचलं असतं. लाद्या गुंडाळायला काहीतरी हवं. गोडाऊनच्या कोपऱ्यात रिकाम्या गोण्यांची चळत होती. मी त्यातल्या घेतल्या. आता तुम्ही म्हणाल, गाढवा, त्या गोण्या कशाच्या? अहो, मी झटकल्या ना! चांगल्या आपटून झटकल्या. राखाडी धूळ उडाली, मी शिंकलो, टेम्पोवाला शिंकला. पण डोक्यात काय पक्कं बसलेलं? हा रंग नाही. हा रंगाच्या आधीचा. याने काय होणार आहे?

तात्यांना खाली चटईवर ठेवलं होतं, अंगावर पांढरी चादर. दोन्ही बाजूंना लाद्या रचल्या. गोण्या तशाच खाली अंथरल्या, म्हणजे पाणी शोषून घेतील. ही सुद्धा माझीच अक्कल. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. "शेखर होता म्हणून झालं," असं जो तो म्हणत होता. मला रडू येत होतं आणि त्यातही जरा बरं वाटत होतं. माणूस किती हलका असतो बघा.

खाट भिंतीला सरकवलेली होती. खाटेखाली काय आहे याचा विचार कोणाच्या, म्हणजे माझ्या, मनात आला नाही. रात्रभर बर्फ वितळत होता आणि आम्ही गॅलरीत बसून पेंगत होतो.

सकाळी उजाडता उजाडता खालून किंकाळी आली.

खालच्या मजल्यावर नाईकबाई राहायच्या. नळाचं पाणी भरून हंडा दारात ठेवायची त्यांची सवय. वरून आमच्या गॅलरीतून थेंब थेंब पडत होते, थेट हंड्यात. हंडा लालेलाल!

"रक्त! अगो बाई, वरून रक्त गळतंय!"

मी धावत तात्यांच्या खोलीत शिरलो. खाटेखालून लाल पाण्याचा ओघळ चटईपर्यंत आलेला. पांढरी चादर पायाकडून भिजत भिजत गुडघ्यापर्यंत गुलाबी. तात्यांची पावलं लालचुटूक. सॉल्टची पुडकी पाण्याने फुगून फुटलेली आणि तिथे रंग असा दाटलेला की विचारू नका.

माझ्या एका क्षणात लक्षात आलं. गोण्यांतून आमचं ॲसिड पाण्याबरोबर खाटेखाली गेलं आणि तिथे त्याला उरलेला अर्धा भेटला.

बरं, लक्षात आलं तर गप्प बसावं ना? फडकं घेऊन पुसायला लागावं. पण तोवर नाईकबाईंचा मुलगा चौकीवर पोचला होता. हवालदार आला. मोठ्या मिशांचा, घाटावरचा माणूस. दारात उभा राहून त्याने चादरीकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं.

"डाक्टरनं काय लिवलंय?"

"हार्ट," कोणीतरी म्हणालं.

"हार्टानं रगत येतंय व्हय? कोणी हात लावायचा न्हाई. पंचनामा हुईल. बॉडी पोस्टमॉर्टेमला जाईल."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. सुमनची एसटी तेव्हा बोरिवलीच्या अलीकडे कुठेतरी असणार. ती दारात येणार आणि बाप हॉस्पिटलच्या टेबलावर फाडलेला! त्या म्हातारीने एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच माझ्या हातून जात होती.

"साहेब, ते रक्त नाही," मी पुढे झालो. "ते ॲसिडमुळे झालंय."

"ॲसिड? मयताला ॲसिड लावलं?"

"लावलं नाही हो. बर्फाबरोबर आलं."

"कोणी आणलं?"

"मी."

"कुठनं?"

"फॅक्टरीतून. म्हणजे ॲसिड नाही आणलं, ॲसिड बाहेर काढायला परवानगी नाही..."

"म्हंजी चोरून आणलं."

वाट लागली! मी जितकं समजावू तितका आत रुतत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "तात्या रोज याच्याकडे काहीतरी मागायचे आणि हा रोज नाही म्हणायचा." दुसरा म्हणाला, "दोघांत काहीतरी होतंच." कालपर्यंत पाठ थोपटणारी माणसं! माझी आई दाराआडून ओरडली, "अहो, माझा मुलगा तसा नाही, त्याला उंदीर मारायला जमत नाही!" तिला वाटलं ती मला वाचवते आहे. हवालदाराने कान टवकारले.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी काकींची स्टीलची वाटी घेतली, त्यात पाणी. गोणीच्या शिवणीतून राखाडी पीठ नखाने खरवडून टाकलं.

"बघा, रंग आहे?"

"न्हाई."

एका कोरड्या पुडक्यातलं सॉल्ट चिमूटभर घेतलं. "आता बघा." टाकलं.

वाटी लाल झाली. नुसती लाल नाही हो, लालात जांभळी झाक, डाळिंब फोडल्यासारखी. दोन वर्षं त्या फॅक्टरीत होतो, पण आमच्या राखेतून असा रंग निघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते बघायला खाली चटईवरचा माणूस तेवढा उठत नव्हता.

हवालदाराने वाटीत बोट बुडवलं. वास घेतला. मग धोतराला पुसावं तसं पँटीला पुसलं. बोट लाल. मोरीत जाऊन साबणाने धुतलं. लाल. दगडाने घासलं. लाल. मी घाईघाईने माझे दोन्ही हात त्या खाटेखालच्या थारोळ्यात मनगटापर्यंत बुडवले आणि त्याच्यापुढे धरले. "घासा साहेब, हवं तेवढं घासा!"

त्याने स्वतःचं बोट उजेडात धरून पुन्हा एकदा पाहिलं.

"रगत मी लई पुसलंय," तो म्हणाला. "त्ये जातंय."

पंचनामा झाला नाही. हवालदार टोपी काढून चटईपाशी क्षणभर उभा राहिला, काकींना नमस्कार केला आणि बोट चोळत जिना उतरला. पँटीवरचा डाग त्याने नंतर पाहिला असावा, कारण खालून शिवी ऐकू आली.

सुमन आली ती त्यानंतर थोड्याच वेळात. आम्ही चादर बदलायच्या आतच. दारात पिशवी टाकून ती बापाच्या पायाशी बसली आणि आधी खूप रडली. मग तिचं लक्ष पावलांकडे गेलं. तिने पदराने पुसून पाहिलं. रंगाऱ्याची मुलगी ती, तिला रक्त वाटणार होतं थोडंच?

"हा आपल्या घरातला रंग नाही. आई, कुठला गं हा?"

काकींनी माझ्याकडे बोट केलं. मी हात मागे लपवले.

सुमन म्हणाली, "गणपतीला गावी आले होते तेव्हा बाबा सांगत होते. शेजारचा शेखर त्याच्या फॅक्टरीतलं ॲसिड आणून देणार आहे, मग नवीन शेड काढतो म्हणून." तिने चादरीचा भिजलेला काठ बोटांत धरला. "आणलंस शेवटी."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच आभार मानल्यासारखं बोलली. मी गॅलरीत गेलो आणि कठड्याला धरून ढसाढसा रडलो. जिवंतपणी चिमूटभर मागत होता तर त्याला नियम सांगितले. मेल्यावर गोण्यांनी पोचवलं, तेही घरपोच!

स्मशानात हात खिशात घालून उभा होतो. खांदा द्यायची वेळ आली तेव्हा बाहेर काढावे लागले. दुसऱ्या मयताबरोबर आलेला एक गृहस्थ हळूच म्हणाला, "मेंदी? लग्न आहे वाटतं तुमचं? मग इथे कशाला आलात?"

आता शेवटचं ऐका. इथपर्यंतही ठीक होतं.

दहाव्याला आम्ही दहिसरच्या नदीवर गेलो. पिंड मांडले. कावळा आला. समोरच्या झाडावर बसला. पण पिंडाला शिवेना. तुम्हाला माहीतच आहे, कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचं मन कशात तरी अडकलंय. मग एकेक जण पुढे होऊन शब्द द्यायला लागला.

जावई म्हणाला, "मामा, सासूबाईंना आम्ही कणकवलीला नेतो." कावळ्याने मान फिरवली. काकी पुटपुटल्या, "मी खय जावचंय नाय."

सुमन म्हणाली, "बाबा, आईला पैसे पाठवीन." कावळा पंख साफ करत बसला.

ऊन चढलं. भटजींच्या मागे पुढची मंडळी खोळंबलेली. ते म्हणाले, "आणखी काही राहून गेलं असेल तर आठवा हो."

आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला आठवायची गरजच नव्हती. दहा दिवस दुसरं काही आठवत नव्हतं. मी पुढे झालो, लाल हात जोडले आणि म्हणालो, "तात्या, माझं चुकलं. चिमूटभर मागत होतात, मी दिलं नाही. आता शब्द देतो. ॲसिड घेऊन येतो, तुमच्या खाटेखाली ठेवतो."

मी बोलायला लागलो तेव्हा कावळा फांदीवरून खाली उतरला होता. टुणटुण उड्या मारत पिंडाच्या जवळ, अगदी हातभर अंतरावर. सगळ्यांनी श्वास रोखला. सुमनने हात जोडले. कावळ्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मान वाकडी करून माझ्या हातांकडे पाहिलं आणि भुर्रकन उडून नदीच्या पलीकडे जाऊन बसला.

कोणीतरी फिसकन हसलं. भटजीसुद्धा खाली बघायला लागले.

तेव्हा काकी उठल्या. मला हाताने बाजूला सारलं. पदर सावरून त्या पलीकडच्या काठाकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ऐकलात? काय काळजी करू नकात. ह्येका मी परत काय एक आणूक देवचंय नाय!"

कावळा उडाला, नदी ओलांडून सरळ पिंडावर आला आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता पोटभर जेवला.